बसमधील विजेची परतीची वाट



मोटार-बसचा इतिहास म्हणजे तिच्या इंजिनाचा इतिहास, असा सर्वसाधारण समज आहे. इंजिन मोठ्यानें बोलतें, धूर सोडतें, आणि बंद पडलें तर उतारूंना खालीं उतरवून गाडी ढकलावयास लावतें. तेव्हां सर्वांचें लक्ष त्याच्याकडे जावें यांत नवल नाहीं. परंतु त्याच गाडीच्या पत्र्याआड, फळ्यांखालीं आणि छपराच्या अस्तरांत दुसरा एक मुका इतिहास दडलेला असतो. तो विजेच्या तारांचा. जुनी बस मोडींत न काढतां कोणी तिचें घर केलें, दवाखाना केला, ग्रंथालय केलें, म्हणजे हा मुका इतिहास एकाएकीं बोलूं लागतो. बहुधा रात्रीं, आणि बहुधा दिवे घालवून. त्याविषयीं आज मी बोलणार आहें, आणि आरंभ स्वतः पाहिलेल्या एका प्रसंगापासून करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी दापोली तालुक्यांतील एका समुद्रकांठच्या गांवीं गेलों होतों. तेथें दर गुरुवारीं एका धर्मादाय संस्थेचा फिरता दवाखाना भरत असे. दवाखाना म्हणजे नोकरींतून निवृत्त झालेली एक प्रवासी बस. आसनें काढून तिच्यांत तपासणीचें टेबल, औषधांचीं कपाटें, दोन पंखे, चार दिवे आणि लशी थंड राखण्यासाठीं बॅटरीवर चालणारें एक लहानसें शीतकपाट बसविलेलें होतें. बुधवारीं संध्याकाळीं गाडी शाळेच्या पटांगणांत येऊन उभी राहिली. गुरुवारीं सकाळीं डॉक्टरांनीं शीतकपाट उघडलें तेव्हां आंतील उष्णतामापक १९ अंश दाखवीत होता. ती लस २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवावी लागते. लस होती कुत्रें चावल्यावर टोंचावयाची. आणि दारांत उभा होता सात-आठ वर्षांचा एक मुलगा, आठवड्यापूर्वीं कुत्र्यानें पोटरी फोडलेला, तिसऱ्या टोंचणीसाठीं आईचा हात धरून आलेला. डॉक्टरांनीं एक कुपी उजेडाकडे धरून पाहिली, परत ठेवली आणि म्हणाले, "ही मी टोंचणार नाहीं." आईला तालुक्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली. गाडीचा ड्रायव्हर ओशाळून म्हणाला, "पण साहेब, बॅटरी परवांच नवी घातली हो!"

नवी बॅटरी घालूनहि शीतकपाट बंद कां पडावें? या प्रश्नाचें उत्तर त्या पटांगणांत दुपारपर्यंत मिळालें. परंतु तें नीट समजावयाचें तर शंभरांहून अधिक वर्षें मागें गेलें पाहिजे.

आरंभीच्या मोटारींत विजेला फारसें काम नव्हतें. पुढचे दिवे तेलाचे, आणि पुढें कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे असत. वीज लागे ती इंजिनांतील ठिणगीपुरती. १९०२ सालीं जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉट्लोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, आणि ती ठिणगी भरंवशाची झाली. मॅग्नेटोचा गुण असा कीं, इंजिन फिरतें तोंवर तो वीज देतो, इंजिन थांबलें कीं तोहि थांबतो. उसनवारीचा व्यवहारच नाहीं. त्या काळच्या गाडीचें इंजिन सुरू करण्यास हँडल मारतां मारतां मनगट मोडे. परंतु रात्रभर दिवा जळत राहिला म्हणून सकाळीं गाडी सुरू झाली नाहीं, अशी तक्रार मात्र कोणी केली नसेल.

ही उसनवारी सुरू केली चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञानें. त्यानें पूर्वीं दुकानांतील पैशांच्या यंत्रासाठीं एक लहान विद्युत्-मोटार बसविली होती, आणि तेथें त्याच्या ध्यानांत आलें होतें कीं, मोटार क्षणभरच चालवावयाची असेल तर तिच्याकडून तिच्या कुवतीपलीकडचें काम घेतां येतें. तोच विचार त्यानें इंजिनाला लावला. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या हँडलावांचून, कळ दाबतांच सुरू होऊं लागल्या. त्यासाठीं गाडींत शिशाची बॅटरी आली, ती भरून काढणारा डायनामो आला, आणि एकदां बॅटरी आली म्हटल्यावर विजेचे दिवेहि आले. ती बॅटरी १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्ताँ प्लान्ते यांनीं शोधिलेल्या बॅटरीचीच वंशज होय. येथून पुढें इंजिन थांबलें असतांहि वीज मिळूं लागली. ही सोय फार मोठी. पण गाडीच्या संसारांत कर्जाचा शिरकाव झाला तोहि येथेंच. आज बसमध्यें बसविलेल्या पंख्यांपासून शीतकपाटांपर्यंत सर्व उपकरणें ह्याच खात्यांतून उचल करतात.

बसचें घर करण्याची कल्पना आजकालची आहे असें वाटतें, पण तीहि जुनीच. १९१५ सालीं अमेरिकेंतील रोलंड काँक्लिन या गृहस्थानें आपल्या कुटुंबासह न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडहून सॅनफ्रान्सिस्कोपर्यंत प्रवास केला, तो अशाच एका गाडींतून. हा गृहस्थ गॅस-इलेक्ट्रिक मोटार बस कंपनीचा अध्यक्ष. म्हणजे बस त्याच्या घरचीच. सुमारें २५ फूट लांबीच्या आणि आठ टन वजनाच्या त्या दुमजली गाडींत स्वयंपाकघर होतें, आगगाडींतल्यासारख्या निजावयाच्या फळ्या होत्या, ग्रामोफोन होता, पुस्तकांचें छुपें कपाट होतें, आणि छपरावर बागहि होती. अर्थात् विजेचे दिवे होते आणि त्यांच्यासाठीं स्वतंत्र जनित्र होतें. त्या काळीं खेड्यापाड्यांतील कितीतरी अमेरिकन घरांना विजेच्या दिव्याची ओळख नव्हती; हें चाकांवरचें घर मात्र उजळलेलें त्यांच्या दारांवरून गेलें. काँक्लिन यांचें शहाणपण मला बागेपेक्षां जनित्रांत अधिक दिसतें. ज्याला गाडींत घर करावयाचें आहे त्यानें गाडीच्या विजेवर विसंबूं नये, हें त्यांनीं आरंभींच ओळखलें होतें.

आतां आपल्या विषयाच्या गाभ्याकडे वळूं. वीज बॅटरीच्या एका टोंकाकडून निघते, दिव्यांतून जाते आणि दुसऱ्या टोंकाकडे परत येते. परतीची वाट नसेल तर जाण्याची वाटहि व्यर्थ. म्हणजे प्रत्येक दिव्याला दोन तारा हव्यात. परंतु १८३८ सालीं कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल या बव्हेरियन शास्त्रज्ञाला तारायंत्राचे प्रयोग करतांना असें आढळलें कीं, परतीसाठीं तार घालण्याची गरजच नाहीं. दोन्ही टोंकांस धातूचे पत्रे पुरले तर जमीन स्वतःच ती वाट देते. तारेचा निम्मा खर्च वांचला. हीच युक्ति पुढें मोटारवाल्यांनीं उचलली. मोटारीचीं चाकें रबराचीं. तिला जमीन कोठून मिळणार? म्हणून त्यांनीं गाडीच्या लोखंडी सांगाड्यालाच जमीन मानलें. बॅटरीचें एक टोंक सांगाड्याला जोडावयाचें, प्रत्येक उपकरणाचेंहि एक टोंक जवळच्या बोल्टाला आंवळावयाचें, कीं झालें. आपल्याकडील मिस्त्री ह्या जोडणीला अजूनहि 'अर्थ' म्हणतात. इंग्रजी शब्द मराठींत येऊन बसला खरा, पण तो असा चपखल बसला आहे कीं, 'ह्या दिव्याला अर्थ नाहीं' असें मिस्त्री म्हणतो तेव्हां भाषापंडितानें मान डोलवावी.

जमीन आणि सांगाडा यांत एक भेद मात्र आहे. जमीन गंजत नाहीं.

नव्या गाडींत सांगाडा स्वच्छ असतो, जोड घट्ट असतात, आणि तारा एकाच हातानें, एकाच आराखड्याप्रमाणें ओढलेल्या असतात. बस पंधरा वर्षें धांवली, मग तिला कोणी विकत घेतलें, आसनें काढलीं, खालीं प्लायवूड ठोकलें, ॲल्युमिनियमचा पत्रा मारला, आणि नव्या दिव्याच्या तारेचें टोंक जो बोल्ट जवळ दिसला त्याच्याखालीं दाबून टाकलें. त्या बोल्टाखालीं रंगाचे तीन थर आहेत, लोखंडाला ॲल्युमिनियम लागलें आहे, ॲल्युमिनियमला तांबें लागलें आहे, आणि वरून कोंकणची खारट हवा आहे. दोन भिन्न धातू व खारें पाणी एकत्र आलीं म्हणजे काय होतें हें व्होल्टानें १८०० सालींच दाखविलें आहे. तेथें एक इवलीशी बॅटरी तयार होते, आणि त्यांतला एक धातु झिजून तिची किंमत भरतो. जोडावर पांढरी भुकटी किंवा तांबूस गंज धरतो. वीज अडत नाहीं, पण अडखळते.

ह्या अडखळण्याचा हिशेब जॉर्ज ओहम यांनीं १८२७ सालीं मांडून ठेवला आहे. वाटेंत जितका रोध आणि जितका प्रवाह, त्यांच्या गुणाकाराइतका दाब वाटेंतच खर्च होतो. बस ही मोटारीपेक्षां लांब, म्हणून तिला हा हिशेब अधिक भोंवतो. दहा मीटर दूरच्या दिव्यांना अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या दोन तारा नेल्या, तर जाऊन-येऊन सुमारें ०.१४ ओहम रोध होतो. बारा व्होल्टांवर १० अँपियर घेतले तर १.४ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा, तारेंतच जातो. तेंच काम चोवीस व्होल्टांवर ५ अँपियरमध्यें होतें आणि अवघे ०.७ व्होल्ट जातात. दाब दुप्पट केला कीं नुकसानीचें प्रमाण चौथाईवर येतें. म्हणूनच मोठ्या बसगाड्या चोवीस व्होल्टांच्या झाल्या, आणि त्यांत बारा-बारा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकामागें एक जोडण्याचा परिपाठ पडला.

मुंबईंत १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटार-बस सुरू झाली. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ही एस. टी.ची पहिली गाडी निघाली. तेव्हांपासून किती गाड्या झिजल्या आणि मोडींत गेल्या! त्यांतील थोड्यांच्या कपाळीं दुसरा जन्म आला. पुण्यांत २०१६ पासून कांहीं जुन्या बसगाड्यांचीं स्त्रियांसाठीं स्वच्छतागृहें करण्यांत आलीं, ही त्यांतली एक चांगली गोष्ट. पण गाडी चोवीस व्होल्टांची आणि बाजारांत मिळणारे पंखे, रेडिओ, पाण्याचे पंप बारा व्होल्टांचे, हा पेंच अशा प्रत्येक गाडींत उभा राहतो. आणि घाईचा मिस्त्री तो एका ठराविक चुकीनें सोडवितो. दोन बॅटऱ्यांपैकीं एकीवरूनच तो बारा व्होल्ट काढून घेतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, बिदागी मिळते. परंतु भरतांना दोन्ही बॅटऱ्यांतून तोच एक प्रवाह जातो. जिच्यावरून खर्च झाला ती कधींच पुरी भरत नाहीं, आणि जिच्यावरून झाला नाहीं ती भरलेली असतांहि भरत राहते. एक उपासानें मरते, दुसरी अजीर्णानें. वर्षाच्या आंत दोन्ही टाकून द्याव्या लागतात, आणि दोष येतो बॅटरी विकणाऱ्यावर. चोविसांचे बारा करून देणारें वेगळें उपकरण मिळतें. तें बसविणें हाच येथें सरळ मार्ग.

नभोवाणीवर बोलत आहें म्हणून गाडींतील रेडिओची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९३० सालीं अमेरिकेंत गॅल्विन कंपनीचा 'मोटोरोला' हा मोटारींतला रेडिओ बाजारांत आला. तो बसवितांना कारागिराला कळून चुकलें कीं, गाडींतील प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसें प्रक्षेपण-केंद्रच आहे; इंजिन गाऊं लागलें कीं गवई बुडाला! ती खरखर घालवितां घालवितां कारागीर गाडीचे सैल जोड शोधावयास शिकले. रेडिओनें त्यांचा कान तयार केला. पुढें ट्रान्झिस्टर आला तेव्हां नवेंच संकट उभें राहिलें. १९६० च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे, आणि नवे रेडिओ बनत होते ऋण टोंक सांगाड्याला असलेल्या गाड्यांसाठीं. उलट जोडलेला जुना दिवा मुकाट्यानें जळे. ट्रान्झिस्टर मुकाट्यानें मरे.

१९६४ सालीं केन केसी या कादंबरीकारानें १९३९ साली बांधलेली शाळेची एक जुनी बस घेतली. आधींच्या मालकानें तिच्यांत बिछाने व स्वयंपाकाची सोय केलेली होती. केसी आणि त्याचे सोबती यांनीं तींत जनित्र, ध्वनिक्षेपक, ध्वनिमुद्रणाचीं यंत्रें असा पसारा भरला, आणि कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कपर्यंत चित्रपट घेत घेत प्रवास केला. परत आल्यावर चित्र आणि ध्वनि यांचा मेळ कांहीं केल्या बसेना. डगमगत्या विजेवर फीत चालविली कीं तिची गतीहि डगमगते. माणूस एक बोलतो आणि ओठ दुसरें. जुन्या डायनामोचा आणखी एक दोष असा कीं, इंजिन संथ चालत असतांना तो जवळजवळ कांहींच देत नाहीं. तो दोष १९६० पासून क्रायस्लरच्या व्हॅलियंट गाडीबरोबर प्रचारांत आलेल्या आल्टर्नेटरनें पुष्कळसा दूर केला. पण आल्टर्नेटरनें दुसरी एक गोष्ट केली. त्यानें इंजिन चालू असतांना दाब इतका भरपूर ठेवला कीं, तारांतील दोष झांकले जाऊं लागले.

आणि आतां त्या पटांगणांतील बसकडे परत जातां येईल.

बसस्थानकाजवळ दुकान असलेल्या एका वृद्ध वायरमनला ड्रायव्हरनें आणलें. गांव त्यांना चाचा म्हणे. चाचांनीं पहिला प्रश्न विचारला तो बॅटरीविषयीं नव्हता. "रात्रीं पंखे चालू होते काय?" होते, उकाडा होता, आणि सिस्टर व ड्रायव्हर गाडींतच निजले होते. "गाडी चालू असतांना कपाट चालतें?" चालतें. "गॅरेजमध्यें चार्जर लावून?" चालतें. चाचांनीं सगळे दिवे, पंखे व शीतकपाट एकदम चालू करावयास सांगितलें, मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोंकावर ठेवली, आणि दुसरीहि शीतकपाटाच्या ऋण टोंकावरच ठेवली. ड्रायव्हरला वाटलें, म्हाताऱ्याचा गोंधळ झाला. दोन्ही टोंकें एकाच बाजूचीं, तेथें काय दिसणार? दिसलें ३.२ व्होल्ट. जेथें जवळजवळ शून्य असावयास हवें तेथें तीनांहून अधिक. "अर्थ गेलाय, साहेब," चाचा म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. भरलेल्या बॅटरीचा दाब २५.२ व्होल्ट, त्यांतून ३.२ वाटेंत गेले कीं शीतकपाटाच्या हातीं उरतात २२. बॅटरी अगदींच रिकामी होऊं नये म्हणून ठराविक दाबाखालीं तें कपाट आपण होऊन थांबत असे. ह्या कपाटाची ती मर्यादा सुमारें पावणेतेवीस. म्हणून तें थांबलें. आणि दाब पुष्कळ वर चढेपर्यंत पुन्हां सुरू न होण्याची त्याची रीत असल्यामुळें, पंखे चालू होते तोंवर बंदच राहिलें. इंजिन चालू असतांना किंवा चार्जर लावला असतां दाब सत्तावीस-अठ्ठावीस व्होल्टांपर्यंत चढतो. तीन गेले तरी भागतें. सकाळीं पंखे बंद करून पूर्वींच्या कारागिरानें मीटर लावला असेल, तेव्हां त्याला सगळें ठीकच दिसलें असणार. प्रवाहच नाहीं तेथें अडखळणार कोण? रिकाम्या वाटेवर खड्डा दिसत नाहीं. गाडी आली कीं आपटते. नवी बॅटरी ह्याच चुकीच्या मोजणीवर विकत घेतली गेली होती.

चाचांनीं मागच्या चाकावरची फळी उचलली. शीतकपाट, पंखे आणि दिवे या सर्वांच्या परतीच्या तारा तेथें एकाच बोल्टाखालीं दाबलेल्या होत्या. आठ अँपियर प्रवाह व ३.२ व्होल्ट, म्हणजे त्या एका बोल्टावर पंचवीस वॅटांहून अधिक उष्णता रात्रभर निघत होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची शिसें वितळविणारी कांडी सुमारें तेवढ्याच वॅटांची असते. बोल्टाभोंवतींचें प्लायवूड तळहाताएवढें काळें पडलें होतें. तें पाहून सिस्टर कांहीं बोलल्या नाहींत. त्यांचा बिछाना त्याच फळीवर असे.

"पण फ्यूज कसा उडाला नाहीं?" ड्रायव्हरनें विचारलें. प्रश्न बरोबर होता. एडिसननें १८९० सालीं ज्याचें पेटंट घेतलें तो फ्यूज अतिरिक्त प्रवाहाचा पहारेकरी आहे. येथें प्रवाह अतिरिक्त नव्हताच. वाईट जोड प्रवाह वाढवीत नाहीं, उलट किंचित् रोखतो. आणि रोखतां रोखतां तापतो. पहारेकरी पुढच्या दारीं जागा होता, आग मागच्या दारानें येत होती.

चाचांनीं बोल्ट काढला, पत्रा पॉलिश-पेपरानें चकचकीत होईपर्यंत घांसला, तारांचीं टोंकें नवीं केलीं, वरून व्हॅसलीन चोपडलें. तेवढ्यावर ते थांबले नाहींत. सांगाड्यावर भरंवसा न ठेवतां त्यांनीं तेथून बॅटरीच्या ऋण टोंकापर्यंत एक जाड, स्वतंत्र तार ओढली. श्टाइनहाइल यांनीं वांचविलेली तार जणूं परत घातली. पुन्हां सगळें चालू करून मीटर लावला, तेव्हां ०.१ व्होल्ट दिसला. सामानासह त्यांनीं घेतलेले पैसे नव्या बॅटरीच्या किंमतीच्या विसाव्या हिश्शाइतकेहि नव्हते.

त्या रात्रीं पंखे चालू असतांना शीतकपाटांत ५ अंश होते. मुलाला त्याच दिवशीं तालुक्याच्या रुग्णालयांत टोंचणी मिळाली. त्याच्या आईची दिवसाची मजुरी बुडाली. कपाटांतील कुप्या डॉक्टरांनीं मोजल्या, वहींत नोंदविल्या, आणि नष्ट करण्यासाठीं एका खोक्यांत बाजूला ठेवल्या. त्या सतरा होत्या.